फळी उलटून का येते?

मराठवाड्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा दहावीनंतर फर्निचरच्या दुकानात काम शिकायला लागला. वर्षभर त्याने पॉलिशपेपर घासला, सनमायका चिकटवला, माल उचलला. आता तो सतरा वर्षांचा आहे आणि उस्ताद म्हणतात, कटरवर उभा राहा. त्या लिहितात, ‘मला मशीनमधले काही कळत नाही, पण त्या दुकानातल्या दोघांची बोटे अर्धी आहेत. विचारले की सगळे म्हणतात, या धंद्यात एखादे बोट जायचेच, नशिबाची गोष्ट आहे. मुलाला पाठवू की नको?’

या सदरात आम्ही आजवर रंध्याबद्दल लिहिले, पटाशीबद्दल लिहिले. टेबल सॉबद्दल लिहायचे टाळत होतो, कारण वाचून शिकण्यासारखे ते मशीन नाही. पण या पत्राचे उत्तर टाळता येणार नाही. ‘नशिबाची गोष्ट’ हे शब्द आम्हीही एकदा ऐकले आहेत, आणि तेव्हा ते खरे नव्हते.

आमचे हात चाचांच्या कारखान्यात तयार झाले. कारखाना म्हणजे कोकणातल्या घराची मागची पडवी. एका दुपारी आम्ही फणसाची साडेतीन फुटी फळी उभी चिरत होतो. निम्मी चिरली आणि मशीनचा आवाज बदलला. फळी अडली. आम्ही जोर लावला. पुढे काय झाले ते दिसलेच नाही. फळी बरगडीखाली लागून मागच्या चिऱ्याच्या भिंतीवर आदळली होती आणि आम्ही जमिनीवर बसलो होतो. घटकाभर आधी त्याच भिंतीपाशी आमचा आठ वर्षांचा भाचा चहा घेऊन उभा होता.

चाची म्हणाल्या, अल्लाहने राखले, नशीब म्हणायचे. चाचा म्हणाले, ‘राखले खरे. आता टेप घे आणि फेन्स मागून मोज.’ आम्ही मोजली. पुढे बरोबर तीन इंच होते. मागे दोन मिलीमीटर कमी भरले. तीन आठवडे त्या कुशीवर झोपता आले नाही, आणि त्याचे कारण ते दोन मिलीमीटर होते.

आजचे सगळे लिखाण त्या दोन मिलीमीटरबद्दल आहे. काप सरळ न येणे आणि फळी उलटून येणे या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण बहुतेक वेळा दोन्हींचे मूळ एकच असते.

पाते काय करते

टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेले गोल पाते. पाते जागच्या जागी फिरते, लाकूड आपण ढकलतो. रेषांच्या दिशेने फळी चिरली की तो उभा काप, रेषा तोडून कापली की आडवा. उभ्या कापाला कारागीर रिप कट म्हणतात. या कापात पात्याच्या उजवीकडे एक सरळ पट्टी घट्ट बसवलेली असते. तिला फेन्स म्हणतात. फळीची एक कड फेन्सला टेकवून सरकवत न्यायची, म्हणजे सगळीकडे सारखी रुंदी मिळते.

दहा इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याचा दात सेकंदाला सुमारे ५३ मीटर धावतो. ताशी १९० किलोमीटर झाले. दचकून हात मागे घ्यायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात दहा मीटर दातेरी पट्टी बोटावरून गेलेली असते. म्हणून ‘मी सावध असतो’ हे उत्तर या मशीनपुढे पुरत नाही. सावधपणा मशीन सुरू करण्याआधी दाखवायचा असतो.

पात्याची आपल्याकडची बाजू वरून खाली जाते. ती लाकडाला टेबलावर दाबते, तिथे लाकूड शांत असते. पात्याची मागची बाजू मात्र खालून वर येते आणि माथ्यावरून आपल्याच दिशेने धावते. चिरलेले लाकूड त्या मागच्या दातांना घासले की दात त्याला उचलतात आणि उभ्या असलेल्या माणसाकडे फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. लाकूड फेकले गेले की त्यावर टेकलेला हात आधार सुटून पात्याकडे जाऊ शकतो. अनेक बोटे अशी जातात, थेट पात्यात घातल्यामुळे नव्हे.

लाकूड मागच्या दातांवर जाण्याची कारणे मोजकी आहेत. पहिले, फेन्स मागच्या टोकाला पात्याकडे झुकलेली असते. तिथली जागा अरुंद होत जाते आणि फळी फेन्स व पाते यांत आवळली जाते. आमचे हेच झाले. दुसरे, लाकडात ताण असतो. झाड वाकडे वाढलेले असेल किंवा फळी नीट वाळली नसेल, तर चिरताना दोन भाग एकमेकांकडे मिटतात आणि पात्याला चिमटीत धरतात. तिसरे, फळीची कड वाकडी असते, ती फेन्सवर डुलते आणि फळी तिरकी होते. फेन्स न लावता नुसत्या हाताने उभा काप घेणे हा याचाच सर्वांत वाईट प्रकार. चौथे, काप संपत आला की माणूस फळी सोडून देतो आणि पाते व फेन्स यांच्यामधला तुकडा तिथेच पडून राहतो.

पात्यामागची पाती

या चारांपैकी बहुतेक प्रसंग एक छोटी वस्तू आटोक्यात आणते. पात्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत, उभी पोलादी पाती असते. तिला रायव्हिंग नाईफ म्हणतात. चिरलेली फट ती उघडी ठेवते आणि लाकडाला मागच्या दातांकडे सरकू देत नाही. तिची जाडी पात्याच्या तबकडीपेक्षा थोडी जास्त आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा थोडी कमी हवी. पात्यापासून ती चार-पाच मिलीमीटरवर हवी, आणि पाते वर-खाली केले की तिनेही बरोबर वर-खाली व्हावे.

नवीन मशीनबरोबर ही पाती येते. कित्येक दुकानांत ती पहिल्याच दिवशी काढून कपाटावर ठेवतात, कारण खाच पाडताना तिच्या वरचे गार्ड आड येते. गार्ड तेवढ्या कामापुरते काढावे लागले तर काढावे. मागची पाती काढायचे कारण उभ्या कापात तरी आम्हाला कधी सापडलेले नाही.

प्लग काढून करायच्या तपासण्या

या कामाला मशीन सुरू लागत नाही, म्हणून शिकाऊ मुलाने इथूनच आरंभ करावा. आधी प्लग काढावा. बटण बंद करणे पुरेसे नाही.

पहिली तपासणी पाते आणि टेबलावरची खाच समांतर आहेत का याची. पात्याच्या एका दातावर खडूने खूण करा. खाचेत सरकणाऱ्या मायटर गेजला लाकडाची रीप शिकंज्याने आवळा. रिपेच्या टोकाला एक स्क्रू लावा आणि त्याचे डोके खूण केलेल्या दाताला पुढच्या बाजूला जेमतेम टेकवा. आता तोच दात फिरवून मागे न्या, रीप तिथवर सरकवा आणि पाहा. दात तोच हवा, नाहीतर पात्याचा बाक मोजला जातो. झेरॉक्सच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलीमीटर असते. मागे एका कागदाएवढा फरक असेल तर चालेल. त्याहून जास्त असेल तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून जुळवून घ्यावे लागेल.

दुसरी तपासणी फेन्सची. खाच आणि फेन्स यांतले अंतर पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा. मागे एका कागदाएवढे जास्त भरले तर हरकत नाही, पण कमी कधीही नको. फेन्स आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना ती हलते.

तिसरी तपासणी काटकोनाची. गुण्या पात्याच्या तबकडीला लावा, दाताला नको. खात्रीसाठी पुढे एक सरळ पट्टी चिरा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना लावा. मधे दिसणारी फट मूळ चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक चूकही डोळ्यांना दिसते.

पाते, उंची आणि हिशोब

भरीव लाकूड उभे चिरायला कमी दातांचे पाते लागते. दहा इंची पात्याला २४ ते ३० दात पुरतात. दातांमधली पोकळी मोठी असते, तिच्यातून लांब रेषांचा भुसा बाहेर पडतो. ८० दातांचे पाते प्लायवूडला आणि आडव्या कापाला चांगले. त्याने जाड सागवान उभे चिरले तर भुसा अडतो, लाकूड काळे पडते आणि माणूस जोर लावू लागतो. जोर लावावा लागतो आहे म्हणजे पाते बोथट आहे, चुकीचे आहे किंवा फेन्स आवळते आहे. तिथे थांबायचे.

पाते फळीच्या वर साधारण एका दाताएवढेच ठेवावे, म्हणजे दातांमधल्या पोकळीचा तळ फळीच्या वर जेमतेम दिसेल.

हिशोबात पात्याची फट धरायला नवखा माणूस विसरतो. ५० मिलीमीटर रुंदीच्या पाच पट्ट्या हव्यात आणि पाते ३.२ मिलीमीटर खाते. पाच पट्ट्यांचे २५० आणि मधल्या चार कापांचे १२.८, असे २६२.८ मिलीमीटर लागतील. २५० ची फळी आणली तर पाचवी पट्टी ३७ चीच निघेल. ग्राहकाचे लाकूड असेल तर ही चूक रोजीतून कापली जाते.

आणि फळी स्वतः सरळ हवी. फेन्सला टेकणारी कड रंध्याने सरळ करून घ्या. टेबलावर टेकणारी बाजू सपाट हवी. डुलणारी, पिळवटलेली फळी टेबल सॉवर चढवूच नये. आधी तिला रंधा दाखवावा.

प्रत्यक्ष काप

कुर्त्याच्या सैल बाह्या कोपरावर दुमडून घट्ट करा. गळ्यातला रुमाल, बोटातली अंगठी, मनगटातले घड्याळ काढून ठेवा. हातमोजे घालू नका, दात त्यांचा धागा पकडून हात ओढतात. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे आणि नाकावर मास्क हवा. लाकडाच्या भुशाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे.

फेन्स उजवीकडे असेल तर पात्याच्या रेषेच्या डावीकडे उभे राहा. फळी उलटून आली तर ती त्या रेषेत येते. त्या रेषेत मागेही कोणी नको, चहा घेऊन आलेले पोर तर नकोच.

डाव्या हाताने फळी फेन्सकडे दाबायची. तो हात पात्याच्या अलीकडेच थांबतो, फळीबरोबर पुढे जात नाही. उजवा हात फळी पुढे ढकलतो. पाते आणि फेन्स यांत सहा इंचांपेक्षा कमी जागा असेल तर उजव्या हातात ढकलकाठी घ्यावी. टोकाला पक्ष्याच्या चोचीसारखी खाच पाडलेली प्लायवूडची काठी पुरते. ती फेन्सवरच टांगलेली असावी, नाहीतर घाईत कोणी शोधत नाही.

नजर पात्यावर नको. फळीची कड फेन्सला लागली आहे की नाही इकडे हवी, म्हणजे काप आपोआप सरळ येतो. फेन्स आणि पाते यांच्यामधला तुकडा पात्याच्या पार पुढे जाईपर्यंत ढकलायचा, मधे सोडायचा नाही. पात्याच्या दुसऱ्या बाजूचा तुकडा पडेल तिथे पडू द्या. पाते पूर्ण थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका.

अगदी बारीक पट्ट्या काढायच्या असतील तर रुंद भाग फेन्सकडे ठेवा आणि बारीक पट्टी पात्याच्या मोकळ्या बाजूला पडू द्या. दर कापाला फेन्स सरकवावी लागते, वेळ जातो. तो जाऊ द्यावा.

लांब फळीला मागे आधार हवा. त्यासाठी मागे टेबल लावा किंवा माणूस उभा करा. पण मागच्या माणसाने फळी फक्त झेलायची, ओढायची नाही. तो ओढतो तेव्हा फळीची दिशा तो ठरवतो आणि हात मात्र पुढच्याचे पात्याजवळ असतात.

साइटवरचे टेबल

पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या मुलाला कदाचित असे मशीन मिळणारही नाही. साइटवर प्लायवूडच्या टेबलाखाली हातातला गोल कटर उलटा आवळलेला असतो, त्याचे बटण सुतळीने बांधून कायमचे दाबलेले असते आणि फेन्स म्हणून दोन खिळ्यांवर एक रीप असते. रोज नव्या घरात काम करणाऱ्या मिस्त्रीला जड मशीन नेता येत नाही, हे आम्हाला कळते. पण त्या टेबलातही काही गोष्टी थोड्या पैशांत होतात.

पहिली गोष्ट म्हणजे सुतळी सोडणे. बटण बांधलेले असताना वीज गेली आणि परत आली, तर पाते आपोआप फिरू लागते. तेव्हा कोणाचा तरी हात अडकलेली फळी सोडवत असतो. वीज गेल्यावर आपणहून बंद होणारे आणि पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारे स्विच बाजारात मिळते. ते गुडघ्याने बंद करता येईल असे टेबलाच्या पुढच्या कडेला लावावे आणि तीन पिनांचा प्लग अर्थिंगसह जोडावा.

दुसरी गोष्ट मागची पाती. पाते एकाच उंचीवर राहणार असेल तर टेबलातली फट मागे थोडी वाढवून तिच्यात फटीपेक्षा किंचित पातळ अशी कठीण लाकडाची चीप घट्ट चिकटवता येते. तिसरी गोष्ट फेन्स. ती दोन्ही टोकांना शिकंज्याने आवळा आणि दोन्ही टोकांना मोजा.

मार्बल कापायच्या छोट्या कटरला लाकडाचे पाते लावून केलेले टेबल मात्र वापरू नये. तो कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतो. पात्यावर किती फेऱ्यांपर्यंत चालेल हे छापलेले असते. ते वाचा आणि मशीनच्या आकड्याशी ताडून पाहा.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या संशोधकाने १९९९ मध्ये असे यंत्र सुचवले की पात्याला त्वचा लागताच ते काही हजारांश सेकंदांत थांबते. २००४ पासून तशी मशीन तिथे विकली जातात. ते बोट वाचवते, पण फळी उलटून येणे ते थांबवत नाही. फेन्स तिथेही मोजावीच लागते.

पाठवू की नको?

भगिनींना आमचे उत्तर असे. कटरवर उभे राहायला अठरा पूर्ण होऊ द्या. धोके पूर्ण समजावल्याशिवाय, आणि पुरेसे शिक्षण किंवा जाणत्याची देखरेख असल्याशिवाय अल्पवयीन मुलाला धोकादायक यंत्रावर लावू नये, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिले होते. छोट्या दुकानात ते पाहायला कोणी येत नाही, म्हणून घरच्यांनीच पाहावे. तोवर त्याने वर सांगितलेल्या तीन तपासण्या प्लग काढून रोज कराव्यात आणि ढकलकाठ्या बनवाव्यात.

एकदा तुम्ही स्वतः दुकानात जा. मशीनमधले कळत नाही असे तुम्ही लिहिले आहे. चार गोष्टी पाहायला मशीन कळावे लागत नाही. पात्यामागे पाती उभी आहे का? ढकलकाठी जागेवर आहे का? बटण सुतळीने बांधलेले आहे का? आणि उस्तादांना अदबीने विचारा, ‘उस्ताद, ही पट्टी मागून कधी मोजली होती?’ चांगला उस्ताद या प्रश्नाने रागावणार नाही. जो हसून नशिबावर ढकलेल, त्याच्या मशीनपासून मुलाला लांब ठेवा. काम शिकवणारी दुसरी दुकाने मिळतील.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि १०८ ला फोन करा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नका. जोडता येईल की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी तो लवकर पोहोचायला हवा.

आमच्या पडवीत फेन्सच्या मागच्या टोकाला चाचांनी तेव्हा खडूने एक रेघ मारली होती. खडू पुसला जातो, म्हणून दर सकाळी कोणीतरी ती पुन्हा मारते. सध्या ते काम चहा आणणाऱ्या त्याच भाच्याकडे आहे. आता तो स्वतः मशीन चालवतो, दहाही बोटांनी.

पुढच्या अंकात कोरीव कामाच्या पटाशीला धार कशी लावावी ते पाहू. पत्रे येऊ द्या.